लिनियरचं किट विकताना लायसन विचारा, बनवणाऱ्याचे हात मात्र बांधू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हॅम रेडिओच्या (परीक्षा देऊन, लायसन घेऊन छंद म्हणून चालवायच्या वायरलेसच्या) अॅम्प्लिफायर किटची विक्री आपल्याकडे ज्या पद्धतीने चालू आहे त्याबद्दल लिहितोय. विषय जरा टेक्निकल आहे पण पत्र पूर्ण छापावं ही विनंती, कारण याचा त्रास फक्त आम्हा हॅम लोकांपुरता राहत नाही, शेजाऱ्याच्या टीव्हीपासून पोलिसांच्या वायरलेसपर्यंत कुठेही पोचू शकतो. मी नागपूरचा लायसन असलेला हॅम आहे, सोल्डरिंग आयर्न हातात धरूनच या छंदात आलो, त्यामुळे किटवर बंदी घाला असं मी कधीच म्हणणार नाही. पण आज जे चाललंय तेही बरोबर नाही.

आधी हे किट म्हणजे काय ते सांगतो. हॅमचा सेट साधारण ५, १० किंवा १०० वॅट पॉवर देतो. ती वाढवायला सेट आणि अँटेना यांच्या मधे जो अॅम्प्लिफायर लावतात त्याला आम्ही लिनियर म्हणतो. तयार लिनियर महाग, म्हणून किट मिळतं, एक छापील बोर्ड, दोन किंवा चार मॉसफेट (पॉवर वाढवणारे ट्रान्झिस्टर), फेराइटच्या रिंगा, थोडे कपॅसिटर-रेझिस्टर, वर १२ किंवा ४८ व्होल्टचा सप्लाय आपण द्यायचा आणि हीट सिंक पण आपणच शोधायचं. ऑनलाइन "७० वॅट", "१०० वॅट" असे बोर्ड सर्रास मिळतात, किंमत एखाद्या बऱ्या मोबाइल चार्जरच्या आसपास सुद्धा असते. विकणारा काही विचारत नाही. लायसन आहे का, कोणत्या ग्रेडचं आहे, कशाला पाहिजे, काहीच नाही, पिनकोड टाका आणि पैसे भरा.

आमच्या ओळखीतला इंजिनीअरिंगचा एक मुलगा, हिंगणा रोडकडच्या कॉलेजचा, त्याने असाच एक बोर्ड मागवला. मुलगा हुशार आहे, सोल्डरिंग माझ्यापेक्षा स्वच्छ करतो. पण एएसओसी, म्हणजे हॅम लायसनसाठीची परीक्षा, दिलेली नाही, लायसन नाही, आणि बोर्डासोबत आलेल्या कागदावर लायसनचा एक शब्द नव्हता. फिल्टरचा पण नव्हता. तो दाखवायला घेऊन आला तेव्हा माझ्या लायसनवर, अँटेना न लावता, डमी लोडवर (अँटेनाच्या जागी लावायचा, पॉवर जिरवणारा रेझिस्टर) आम्ही तो चालवला आणि सिग्नल कमी करणारा अॅटेन्युएटर लावून, कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती पॉवर आहे ते दाखवणाऱ्या छोट्या स्पेक्ट्रम अॅनालायझरवर बघितलं. ७.१ मेगाहर्ट्झ आत टाकले तर २१.३ वर तिसरा हार्मोनिक, म्हणजे तिपटीच्या फ्रिक्वेन्सीवरचा नको असलेला सिग्नल, ठणठणीत उभा, मूळ सिग्नलच्या वीस डीबी (म्हणजे शंभरावा भाग) सुद्धा खाली नव्हता. म्हणजे ७० वॅटच्या बोर्डातून पाऊण वॅटच्या आसपास, कदाचित जास्तच, भलत्याच फ्रिक्वेन्सीवर बाहेर पडत होते. ज्यांना हे थोडं वाटतं त्यांच्यासाठी सांगतो, आमच्यातले कितीतरी लोक ५ वॅट आणि त्याहून कमी पॉवरवर दुसऱ्या खंडाशी बोलतात, तेव्हा पाऊण वॅट २१ मेगाहर्ट्झवर चांगला लांब जातो. आणि २१.३ हा हॅमचाच १५ मीटरचा बँड, त्यामुळे पहिला त्रास आमच्याच लोकांना, पण १४ मेगाहर्ट्झवर चालवलं की तिसरा हार्मोनिक ४२ च्या पुढे जातो, तिथे आमचा काही संबंध नाही.

हे का होतं तेही सांगितलं पाहिजे नाहीतर लोकांना वाटेल मॉसफेट खराब होते. मॉसफेट चांगले होते. दोन मॉसफेट पुश-पुल, म्हणजे आळीपाळीने काम करतील असे लावले की दुसरा, चौथा असे सम हार्मोनिक बऱ्यापैकी कटतात, तिसरा-पाचवा तसाच उरतो, आणि तो काढायला प्रत्येक बँडसाठी वेगळा लो-पास फिल्टर (वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) लागतो. फिल्टर म्हणजे टोरॉइडवर (रिंगवर) गुंडाळलेल्या तीन-चार कॉइल आणि चांगल्या व्होल्टेजचे कपॅसिटर, सात-आठ बँड म्हटले की जवळजवळचे बँड एकाच फिल्टरवर भागवूनही चार-पाच फिल्टर, ते बदलायला रिले, म्हणजे खर्च जवळजवळ अॅम्प्लिफायरच्या बोर्डाइतकाच. म्हणून स्वस्त किट विकणारा तेच सोडून देतो आणि जाहिरातीत फक्त वॅट छापतो. अमेरिकेत ३० मेगाहर्ट्झच्या खालच्या हॅम ट्रान्समीटरला नियम असा आहे की फालतू सिग्नल मूळ सिग्नलपेक्षा किमान ४३ डीबी खाली पाहिजे, म्हणजे साधारण वीस हजारावा भाग, १०० वॅटला ५ मिलीवॅट. आमच्या पोराच्या बोर्डाने पाऊण वॅट दिला. कुठे ५ मिलीवॅट आणि कुठे पाऊण वॅट.

आता अमेरिकेचं नाव निघालंच आहे तर त्यांनी या किटच्या विक्रीचं काय केलं ते आपल्याकडच्या अधिकाऱ्यांनी आणि हॅम क्लबांनी नीट बघावं असं मला वाटतं, कारण त्यात चांगलंही आहे आणि चुकलेलंही आहे. तिकडे १९७३ च्या तेल संकटानंतर हायवेवर ५५ मैलांची स्पीड लिमिट आली, ट्रकवाल्यांनी २७ मेगाहर्ट्झचे सिटिझन बँडचे सेट घेतले, आणि ते वेड सगळ्या देशात पसरलं. त्या सेटला ४ वॅटची मर्यादा होती. लोकांनी काय केलं, हॅमचे २८ मेगाहर्ट्झचे लिनियर विकत घेतले आणि २७ वर लावले, बाजूचीच फ्रिक्वेन्सी, अॅम्प्लिफायरला काय फरक पडतो. शेकडो वॅट मारायला लागले. शेवटी १९७८ मध्ये एफसीसीने (तिथल्या रेडिओ-टेलिकॉमच्या सरकारी संस्थेने) २४ ते ३५ मेगाहर्ट्झवर चालणारे अॅम्प्लिफायर बनवून विकण्यावरच बंदी आणली, किटसकट. म्हणजे गुन्हा केला एकाने आणि १० मीटरचा (म्हणजे २८ मेगाहर्ट्झचा) कायदेशीर बँड असून लिनियर मिळेना तो हॅमला. मग काही कंपन्या अशी वाट काढायच्या की लिनियर १० मीटरशिवाय विकायचा, आणि गिऱ्हाइकाने लायसनची प्रत पाठवली की राहिलेले पार्ट पाठवायचे. मला यातली ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची वाटते. लायसनची प्रत बघा आणि द्या. इतकं साधं आहे ते, आणि पन्नास वर्षांपूर्वी पोस्टाने जमत होतं तर आज फोनवर फोटो टाकून जमणार नाही का?

पुढे त्यांनी ती सरसकट बंदी उठवली. आता नियम असा की १४४ मेगाहर्ट्झच्या खालचा बाहेरून लावायचा अॅम्प्लिफायर असो की त्याचं किट, विकायचं असेल तर सर्टिफिकेट पाहिजे, आणि २६ ते २८ मेगाहर्ट्झमध्ये त्याने अजिबात गेन (पॉवरवाढ) द्यायचा नाही, सहज फेरबदल करून तिथे चालवता येत असेल तर सर्टिफिकेट मिळत नाही. पण लायसन असलेला हॅम स्वतःच्या स्टेशनसाठी अॅम्प्लिफायर सर्टिफिकेटशिवाय बनवू शकतो. हे शेवटचं वाक्य मला सगळ्यात आवडतं. विकणाऱ्यावर बंधन, बनवणाऱ्याला मोकळीक, दोन्ही एकाच नियमात.

पण ते जसंच्या तसं उचलून इथे चिकटवून चालणार नाही. त्यांचं दुखणं २७ मेगाहर्ट्झचं होतं. आपल्याकडे सिटिझन बँड २००५ पासून ५ वॅटपर्यंत लायसनशिवाय मोकळा आहे तरी वापरतंय कोण, नागपुरात तर मला रस्त्यावर कोणाकडे दिसला नाही. आपलं दुखणं व्हीएचएफचं, म्हणजे ३० ते ३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचं आहे. स्वस्तातले चायनीज हँडहेल्ड सेट, १३६ ते १७४ मेगाहर्ट्झवर कुठेही लागणारे, लग्नाच्या कॅटरर्सपासून सिक्युरिटी गार्डपर्यंत सगळ्यांकडे दिसून राहिले, आणि आता त्यांना लावायचे ३०-४० वॅटचे छोटे अॅम्प्लिफायर, गाडीत ठेवायचे, ते पण किटमध्ये मिळतात. त्याच पट्ट्यात पोलीस आहेत, वनखातं आहे, रेल्वेचे गार्ड आणि ड्रायव्हर आहेत. नागपूर म्हणजे दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा दोन्ही लाइन जिथे एकमेकींना छेदतात ते ठिकाण, इथे रेल्वेच्या वॉकी-टॉकीवर कोणी चाळीस वॅटचा मळका सिग्नल टाकला तर काय होईल याचा विचार करा. सोनेगावला विमानतळ आहे, पायलट आणि टॉवर ११८ ते १३७ मध्ये बोलतात, आणि त्याच्या थोडं खाली १०८ ते ११२ मध्ये रनवेची मध्यरेषा दाखवणारा आयएलएसचा सिग्नल असतो. साधा गुणाकार केला तर २७ मेगाहर्ट्झचा चौथा हार्मोनिक १०८ च्या वर, तिथेच येतो. मी म्हणत नाही की उद्या काही होईल, पण फिल्टर नसलेला अॅम्प्लिफायर कोणाच्या हातात पडतो ते कोणालाच माहीत नसणं ही धोक्याची गोष्ट आहे. तेव्हा १४४ च्या खालीच नियम लावून आपलं भागणार नाही, व्हीएचएफचे बूस्टर त्यात आलेच पाहिजेत. (मोबाइलचे सिग्नल बूस्टर वेगळी गोष्ट आहे, ते परवानगीशिवाय लावणं बेकायदेशीरच आहे, दुकानदार दोन्ही एकाच रॅकवर ठेवतात आणि एकाच नावाने विकतात म्हणून लोकांचा घोळ होतो.)

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने लायसनशिवाय वायरलेस उपकरण जवळ ठेवणंच गुन्हा ठरवलं, आणि त्यात उपकरणाच्या व्याख्येत नुसता तयार सेट नाही, वायरलेससाठी वापरता येईल असं सामान पण येत होतं, फक्त इतर विजेच्या कामात नेहमी वापरल्या जाणाऱ्या वस्तू त्यातून वगळल्या होत्या, जोपर्यंत त्या खास वायरलेससाठी बनवलेल्या नाहीत. नव्वद वर्षांपूर्वी लिहिणाऱ्याने किती बारीक विचार केला होता बघा. सुटा मॉसफेट इन्व्हर्टरमध्ये पण लागतो, फेराइटची रिंग प्रत्येक एसएमपीएस पॉवर सप्लायमध्ये असते, त्यावर कोणी हात ठेवू नये, पण तेच सगळं एका पिशवीत "एचएफ लिनियर १०० वॅट" म्हणून विकलं की ते वायरलेससाठीच बनवलेलं झालं. २०२३ चा नवा टेलिकम्युनिकेशन कायदा पण रेडिओ उपकरण जवळ ठेवायला परवानगी लागते असंच म्हणतो. ट्रान्समीटर विकणाऱ्याला डीलर लायसनची पद्धतही जुनीच आहे. मग मे २०२५ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकी-टॉकीसाठी १३ ऑनलाइन कंपन्यांना नोटिसा काढल्या आणि त्याच महिन्यात रेडिओ उपकरणांच्या ऑनलाइन विक्रीची मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यात फ्रिक्वेन्सी काय, सर्टिफिकेट आहे का, लायसन लागतं का हे जाहिरातीतच लिहायचं आहे. चांगलं पाऊल आहे ते, मनापासून सांगतो. पण सगळी चर्चा वॉकी-टॉकीभोवतीच फिरते, आणि किट विकणारा म्हणतो मी कुठे सेट विकतो, मी तर पार्ट विकतो. ही पळवाट बंद झाली पाहिजे.

बंद करायची म्हणजे कशी, तर माझं म्हणणं असं. ज्या किटवर ट्रान्समिट अॅम्प्लिफायर असं लिहिलंय ते विकताना कॉल साइन (लायसनसोबत मिळणारं हॅमचं ओळखनाव) आणि लायसनची प्रत घ्या, आणि ग्रेड बघा. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला ५० वॅटपर्यंत आणि जनरलला ४०० वॅटपर्यंत परवानगी आहे, तर रिस्ट्रिक्टेडवाल्याला हजार वॅटचा बोर्ड कशाला विकायचा. फिल्टरशिवाय किट विकायचंच नाही, फिल्टर त्याच डब्यात पाहिजे, आणि बनवून झाल्यावर हार्मोनिक किती खाली येतात त्याचा मोजलेला कागद विकणाऱ्याने द्यायला पाहिजे. आणि जबाबदारी पहिली विकणाऱ्यावर टाका, ज्या पोराला कोणी काही सांगितलंच नाही त्याच्यावर नाही. हे झालं की हॅमने स्वतःच्या डोक्याने, सुटे पार्ट घेऊन, घरी बनवलेल्या एकेका अॅम्प्लिफायरसाठी कुठलंही टाइप अॅप्रूव्हल (मॉडेलची सरकारी मंजुरी) मागू नका. त्याने परीक्षा दिली आहे, हार्मोनिक आणि इंटरफेरन्स त्याच्या अभ्यासात आहे, लायसनच्या अटी त्याला लागू आहेतच.

मी या शेवटच्या गोष्टीवर इतका जोर का देतोय ते सांगतो. किट बनवण्यातूनच आपल्या देशात हॅम रेडिओ टिकला आहे. हैदराबादच्या अशहर फरहान यांचा बिटएक्स हा घरी बनवायचा हॅम सेट घ्या, सुरुवातीला नुसतं सर्किट होतं, लोकांनी बाजारात मिळेल त्या पार्टमध्ये ते बनवलं, मग बोर्ड आले, बिटएक्स ४०, नंतर मायक्रोबिटएक्स, आणि आज जगभरात ते सेट चालू आहेत. त्याच्या शेवटच्या स्टेजला आयआरएफ ५१० आहे, स्विचिंगसाठी बनवलेला, सहज मिळणारा मॉसफेट, तोच रेडिओत वापरला. आणि फिल्टर त्यात पहिल्यापासून बोर्डावरच होते. तरीसुद्धा मायक्रोबिटएक्सच्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये काही बँडवर हार्मोनिक जास्त येतात हे वापरणाऱ्यांनीच मोजून दाखवलं, रिलेमधून सिग्नल गळत होता, आणि पाचव्या आवृत्तीत फिल्टरची मांडणी बदलून ते दुरुस्त झालं. किटचा धंदा असा उघडा आणि प्रामाणिक असू शकतो. यालाच जर कोणी उद्या सर्टिफिकेटच्या लाखो रुपयांच्या टेस्टिंगमध्ये अडकवलं तर चांगला बनवणारा बसेल आणि परदेशातून नाव नसलेली पाकिटं येतच राहतील.

आणि गरज कधी पडते तेही विसरू नका. २००१ च्या भूजच्या भूकंपात हॅम गेले होते. डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आधीपासून पोर्ट ब्लेअरला हॅम स्टेशन लावून बसल्या होत्या, अंदमानचा संपर्क तुटला तेव्हा त्यांच्या सेटवरून निरोप बाहेर गेले. आपल्या नागपुरात २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नाग नदीचं पाणी घरांत शिरलं, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, लोक गच्चीवर बसले होते. अशा वेळी बॅटरीवर चालणारा, स्वतः दुरुस्त करता येणारा सेट आणि चाळीस मीटरच्या (७ मेगाहर्ट्झच्या) बँडवर विजांचा खडखडाट चिरून आवाज पोचवेल असा शंभर वॅटचा लिनियर ज्याच्याकडे आहे तो माणूस शहराच्या कामाचा आहे.

तरुण मुलांना पण एक सांगायचंय. पॉवर म्हणजे सगळं नाही. १० वॅटचे १०० वॅट केले की १० डीबी वाढतात, समोरच्याच्या मीटरवर दोन एस युनिट सुद्धा नाही, कारण एक एस युनिट सहा डीबीचं असतं. अँटेनाची कुजलेली कोअॅक्स केबल बदलली, डायपोल (तारेची साधी अँटेना) दहा फूट वर नेला तर कधीकधी यापेक्षा जास्त फरक पडतो आणि त्याला कोणाची परवानगी लागत नाही. आणि वापरलेल्या आरएफ ट्रान्झिस्टरवर चालणारी जुनी किटं घेताना सावध राहा, त्यातल्या पांढऱ्या सिरॅमिकमध्ये बेरिलियम ऑक्साइड असू शकतं, ते घासायचं-फोडायचं नाही, त्याची धूळ फुप्फुसात गेली तर आयुष्यभराचा आजार लागतो. उष्णतेचं तर नागपूरकरांना काय सांगायचं, लिनियर साधारण अर्धी पॉवर उष्णतेत घालवतो, १०० वॅट बाहेर तर १०० वॅट हीट सिंकवर, आणि मे महिन्यात खोलीचंच तापमान चाळीसच्या वर असतं तेव्हा चायनीज बोर्डासोबत दाखवलेलं तळहाताएवढं हीट सिंक काही कामाचं नाही.

लायसन काढणं वाटतं तितकं अवघड नाही. बारा वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही एएसओसीची परीक्षा देता येते, रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स लागत नाही, जनरलला मिनिटाला आठ शब्दांचा मोर्स लागतो, अर्ज आता सरल संचार पोर्टलवर ऑनलाइन होतो आणि परीक्षा केंद्रांच्या यादीत आपल्या नागपूरचं नाव आहे. सीताबर्डीच्या मोदी नंबरच्या गल्ल्यांमधल्या दुकानदार भाऊंना माझी विनंती आहे की कोणी ट्रान्समिट अॅम्प्लिफायरचा बोर्ड मागायला आला तर त्याला आधी हे सांगा, मॉसफेट आणि टोरॉइड मात्र मोकळ्या मनाने विका.

आणि ज्यांनी असा बोर्ड आधीच घेऊन ठेवला आहे त्यांनी तो अँटेनाला लावू नका. ५० ओहमचा डमी लोड घ्या, ओळखीतल्या लायसन असलेल्या हॅमकडे जा, त्याच्या देखरेखीत चालवून हार्मोनिक मोजून घ्या, बँडप्रमाणे फिल्टर बनवा, आणि तुमचं स्वतःचं लायसन हातात येईपर्यंत त्याचा सप्लाय काढून ठेवा. फिल्टरच्या कॉइल कशा गुंडाळायच्या ते शिकवायला शहरातला कोणताही हॅम आनंदाने बसेल, मी तर नक्कीच.

आपला,
एक हॅम ऑपरेटर, नागपूर